काजूत उभं राहून घेतलेला पॉइंट

मला काही नवीन कळलं की ते पोटात राहत नाही. दहा जणांना सांगितल्याशिवाय घास उतरत नाही. त्यामुळं उपग्रहाच्या कामाला लागले तेव्हा पहिला महिना मी घरच्यांना नुसतं छळलं. जेवताना मोबाईल पुढं करायचा. ही बघा पंचगंगा, हे बघा उन्हाळ्यात कशी बारीक होते, हा बघा रंकाळा, आणि हे जे दोन ठिपके दिसतायत ना, ते आपलं घर! दर पाच दिवसांनी हा उपग्रह आपल्या डोक्यावरनं जातो, फोटो काढतो आणि तो फोटो जगात कुणीही बघू शकतं. फुकट!

आई म्हणाली, "आभाळातनं सगळं दिसतंय म्हणतीस, आणि हितं गॅसवरचं दूध उतू गेलेलं दिसत न्हाय व्हय गं?"

खरंच उतू गेलं होतं.

आमचं ऑफिस राजारामपुरीत. खाली कोचिंग क्लास, वर आमच्या दोन खोल्या. खालून दिवसभर पोरांचा एकसुरात पाठांतराचा आवाज यायचा आणि वर आम्ही सहा जण स्क्रीनला नाक लावून बसलेलो. काम असं होतं की जिल्ह्याचा नकाशा करायचा. कुठं जंगल आहे, कुठं ऊस, कुठं फळबाग, कुठं पडीक. आणि हा नकाशा नुसता भिंतीवर लावायला नाही. पुढं रस्ता कुठनं न्यायचा, खाणीला जागा कुठं द्यायची नाही, कुठली झाडं वाचवायची, हे सगळं ह्या नकाशावर ठरणार. मला तर वाटायचं, आता संपलं! आता कुणाच्या वशिल्यानं काही होणार नाही, वरनं काढलेला फोटोच सांगणार. शाहूपुरीत चहा प्यायला गेलो तरी मी टपरीवाल्याला हेच समजावून सांगायचे. तो म्हणायचा, "व्हय व्हय, बिस्कीट देऊ काय?"

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. उपग्रहाच्या फोटोत सगळं हिरवं हे हिरवंच असतं. ऊस हिरवा, काजू हिरवा, जंगलही हिरवंच. कॉम्प्युटरला त्यातला फरक शिकवावा लागतो. त्यासाठी माणसानं प्रत्यक्ष त्या जागेवर जायचं, मोबाईलच्या ॲपमध्ये आपण कुठं उभे आहोत ते नोंदवायचं आणि टाईप करायचं, इथं ऊस आहे. इथं काजू आहे. ह्याला आम्ही पॉइंट घेणं म्हणतो. असे पुष्कळ पॉइंट गोळा केले की कॉम्प्युटर त्यावरनं शिकतो आणि बाकीचा जिल्हा स्वतः ओळखतो. म्हणजे नकाशा उपग्रहाचा म्हणायचा, पण त्याला शिकवणारे आम्ही. चप्पल घालून बांधाबांधानं फिरणारे.

मला हे काम लई आवडायचं. मी टाईप पण भरभर करते. ऑफिसात सगळे म्हणायचे, हिच्याइतके पॉइंट दिवसात कुणाचेच होत नाहीत.

त्या हिवाळ्यात आम्ही नेसरीच्या बाजूला गेलतो. गाडीत तिघं. आमचे सर, म्हणजे माझे सीनियर, शेतकऱ्याच्या घरातले, शिकून इकडं आलेले, शांत माणूस. गाडी चालवणारे काका, जे अजिबात शांत नाहीत. आणि मी. नेसरी सोडून पुढं घाटाच्या अंगाला गेलं की एक वाडी लागते. वाडीच्या वर उतारावर काजूच्या बागा आणि बागांच्या वर एकदम काळपट हिरवा, गच्च, गोल असा झाडांचा पुंजका. तिथली देवराई. देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथं कुऱ्हाड चालत नाही, चप्पल चालत नाही, पडलेली काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नाही.

आम्ही पोचलो तर गुरव समोरच भेटले. पन्नाशीचे असतील. देवराईतल्या देवाची पूजा त्यांच्याकडं. त्यांच्या बायकोनं, तिला सगळी वाडी अक्का म्हणते, तांब्या भरून पाणी आणलं. मी गटागट प्यायले आणि म्हटलं, "फ्रीजमधलं हाय काय अक्का?"

अक्का हसायला लागली. "फ्रीज कुठला बाई. देवराईतला झरा हाय. वरनं पाइप टाकून खाली टाकीत घेतलाय. सगळी वाडी हेच पिती. शिमग्यानंतर हिरी आटत्यात, बोअर आटत्यात, खरं हे न्हाय आटत." (आमच्याकडं 'पण'ला खरं म्हणतात.)

मी लगेच सुरू झाले. मामांना (गुरवांना मी पहिल्या मिनिटातच मामा केलेलं) मोबाईल दाखवला. ही बघा तुमची वाडी. ही देवराई. एवढे पाऊणशे-शंभर ठिपके आहेत बघा. मामांनी मोबाईल डोळ्याजवळ नेला, लांब नेला, आणि म्हणाले, "देवाचं रान एवढंसंच दिसतंय व्हय वरनं?"

"आत जाऊन एक पॉइंट घेतला की झालं मामा. मग नकाशात कायमचं देवराई म्हणून येतंय."

"आत जायाचं म्हणजे कौल लावाय लागंल," मामा म्हणाले.

कौल म्हणजे देवाला विचारायचं. देवराईच्या तोंडाशीच एक उभा पाषाण आहे, वर छप्पर नाही काही नाही. मामा आंघोळ करून ओल्या धोतरानं आले. पाषाणाला दोन्ही अंगाला एक-एक फुलाची पाकळी पाण्यानं चिकटवली. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "देवा म्हाराजा, ही पावणी मंडळी कोल्हापूरास्नं आल्यात. आभाळातल्या यंत्राला तुझं रान दावायचं म्हणत्यात. आत येऊ देतोस तर उजवी दे. नसंल द्यायचं तर डावी दे."

मी पाकळ्यांवरनं नजर काढली नाही. मस्करी वाटेल, पण खरंच. पाच मिनिटं झाली असतील. डावी पाकळी हळूच सुटली आणि खाली आली.

सरांनी लगेच हात जोडले. "बरं. न्हाय तर न्हाय." ड्रायव्हरकाका तर दोन पावलं मागंच सरकले. "बरं झालं इचारलासा. आमच्या पावण्यात एकानं न इचारता असंच रानात पाय घातलाता, वरीसभर पाय धरून बसलंतं." मामा जरा ओशाळले. "राग मानू नगासा. मी तरी काय करणार?"

"राग कशाचा मामा," मी म्हटलं. आणि खरं सांगते, मलापण आत जायला भीतीच वाटली. एवढं विज्ञान शिकून, रोज उपग्रहाच्या गप्पा मारून, त्या पाकळीपुढं मी पण गप्प बसले. आमच्यातला एक जरी बाहेरच्या जिल्ह्यातला असता ना, तर कदाचित गेला असता आत. आम्ही तिघंही इथलेच.

मग पॉइंट बाहेरनंच घेतला. देवराईच्या खालच्या काजूच्या बागेत उभं राहून, वर बघत. ॲपमध्ये त्याचीही सोय असते. 'लांबून घेतलेला पॉइंट' म्हणून एक चौकोन असतो, त्यावर टिक करायची, मग दिशा भरायची, अंतर भरायचं, चार-पाच रकाने. म्हणजे पॉइंट आपण उभे त्या जागी न बसता तिकडं बसतो. ऊन उतरत होतं. अजून दोन गावं राहिलेली. काका हॉर्न वाजवत होते. मी भरभर टाईप केलं, देवराई. आणि बटण दाबलं.

टिक करायची राहिली.

निघताना मी मामांना माझा नंबर दिला. मला कुणी मागायच्या आधीच नंबर द्यायची सवय आहे. "काय बी लागलं तर फोन करा मामा." मामांनी अक्काला हाक मारून तो भिंतीवर खडूनं लिहून घ्यायला लावला.

पुढं काय झालं ते मला सगळं नंतर कळलं, पण मी इथंच सांगते. आमचे पॉइंट एक तपासनीस तपासतो. त्यानं माझा पॉइंट उघडला. नोंद म्हणते देवराई, जागा बघितली तर काजूची बाग. त्याच्याकडच्या जुन्या, जास्त बारकाईच्या फोटोत रांगेत लावलेली झाडं स्वच्छ दिसतात. त्याला वाटलं पोरीनं घाईत चुकीचं टाईप केलंय. त्यानं दुरुस्ती केली, काजू. त्याच्या जागी मी असते तर मीपण हेच केलं असतं. फक्त झालं असं की त्या अख्ख्या खोऱ्यात देवराईचा तेवढा एकच पॉइंट होता. तो गेला, आणि कॉम्प्युटरला देवराई कशी दिसते हे शिकवायला कुणी उरलंच नाही. त्यानं खालची बाग बघितली, वरचं रान बघितलं, हेपण हिरवं तेपण हिरवं, आणि सगळ्याला एकच रंग दिला. फळबाग.

नकाशा पूर्ण झाला त्या दिवशी आम्ही ऑफिसात मिसळ मागवली. मी नकाशाचा फोटो स्टेटसला टाकला. मंजूर होऊन आला तेव्हा परत टाकला.

आणि मग एक काम आलं. घाटाकडच्या गावांना रस्ता पाहिजे होता. पाहिजेच होता तो, हे मी आजही म्हणते. वरच्या गावात कुणाला पोटात कळा आल्या तर जीप सापडेपर्यंत वाट बघत बसावं लागतं. तीन मार्ग सुचवलेले. नियम चांगला, ज्या मार्गात कमीत कमी जंगल जातं तो निवडायचा. ते तिन्ही मार्ग नकाशावर ठेवून किती जंगल जातंय ते काढायचं काम माझ्याकडं आलं. दहा मिनिटांचं काम. पहिल्यात जंगल जात होतं, दुसऱ्यात जात होतं, तिसऱ्यात शून्य. फक्त फळबाग. मी खुर्चीतनं उठून ओरडले, "सर, शून्य! एकपण झाड जंगलातलं जात न्हाय!" सर पण खूश. आम्ही अहवाल पाठवून दिला.

त्या तिसऱ्या रेघेखाली काय आहे हे मी मोठं करून बघितलं नाही. मी आकडा बघितला.

मार्चमध्ये दुपारी फोन वाजला. "पोरी, मी देवराईतला गुरव बोलतोय. वळाकलीस काय?"

"मामा! बोला की! अक्का कशी हाय?"

"बरी हाय. हितं माणसं आल्यात बघ. देवराईतल्या झाडांवर तांबड्या रंगानं नंबर टाकाय लागल्यात. रस्ता जाणार म्हणत्यात. मी म्हटलं देवाचं रान हाय, तर म्हणत्यात कागदावर बाग हाय. तू तर म्हणलीतीस नकाशात कायमचं देवराई येणार म्हणून. तेवढं जरा बघतीस काय?"

मी बोलता बोलताच नकाशा उघडला. मोठा केला. तिसरी रेघ. रेघेखाली काळपट हिरवा गोल पुंजका, वर आमच्या नकाशाचा पिवळा रंग. फळबाग. माझ्या पॉइंटवर टिचकी मारली. तारीख, माझं नाव, आणि काजू.

"पोरी? हाईस काय?"

"हाय मामा. बघतो मी. येतो मी तिकडं." (आम्ही कोल्हापूरच्या पोरी येतो, जातोच म्हणतो.)

फोन ठेवला आणि सरांना मेसेज टाईप करायला घेतला, तर दर शब्दाला चूक. मला! सर शेजारच्याच खोलीत होते. उठून जायचं सुचलं नाही.

सरांनी येऊन रेघ बघितली, पॉइंट उघडून बघितला. मग म्हणाले, "कौल न्हाय म्हणाला तवा मीच हात जोडले. तुझ्या एकटीची चूक न्हाय ही." पण नोंदीवर नाव माझं होतं.

आम्ही दोघं नकाशा मंजूर करणाऱ्या सरकारी कार्यालयात गेलो. तिथले साहेब चांगले होते, हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टीत साहेब वाईटच असतो असं सगळ्यांना वाटतं. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मी लॅपटॉप उघडून दाखवलं, साहेब हे बघा, वर्षभराचे फोटो. बाग महिन्यागणिक रंग बदलते, रान बदलत नाही. उन्हाळ्यात पण गच्च. हे बाग असूच शकत नाही. मी एवढ्या वेगानं बोलत होते की त्यांनी हात वर केला.

"दम घे. मला पटतंय. खरं हे तू आत्ता काढलंस. मंजूर नकाशा आधीचा हाय. तो बदलायचा तर जागेवरचा पुरावा पायजे. आतले पॉइंट आण. आणि जागेची चूक दहा मीटरच्या आत असंल असे आण, त्याच्यावर सिस्टीम घेत न्हाय. शुक्रवारी संध्याकाळी हरकती बंद हुत्यात."

"आणि गावकऱ्यांचं पत्र चालंल काय?"

"जोड की. खरं पत्रात कुणीबी काय बी लिवतंय. म्हणून तर आपण उपग्रह आणला न्हवं?"

हे वाक्य माझंच होतं. टपरीवाल्याला, आईला, सगळ्यांना मी हेच सांगत फिरलेले.

शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं गडहिंग्लज, तिथनं नेसरी. मामा मोटरसायकलवर न्यायला आलेले. वाडीत पोचलो तर पाषाणापुढं निम्मी वाडी जमलेली. मामा म्हणाले, "आज परत इचारतो." आंघोळ, ओलं धोतर, दोन पाकळ्या. मग त्यांनी गाऱ्हाणं घातलं. "म्हाराजा, मागच्या बारीला न्हाय म्हणालास, ऐकलं. आता तुझंच रान चाललंय. आत येऊ दे. उजवी दे."

सगळे पाकळ्यांकडं बघत उभे. पाच मिनिटं. दहा. पंधरा. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी.

"वारं येऊ दे की जराबी," मागनं एकजण पुटपुटला.

"गप बस. देवाला घाई करतोस व्हय?"

"घाई मी न्हाय करत, कोल्हापूरचं हापीस करतंय."

कुणीतरी फिस्कन हसलं आणि लगेच गप्प झालं. अक्कानं पदरानं वारा घालायचा विचार केला असावा, कारण तिचा हात पदराकडं गेला आणि मामांनी मान वळवून नुसतं तिच्याकडं बघितलं. हात खाली गेला.

अर्धा तास झाला. पाऊण झाला. मी मोबाईलवर वेळ बघत होते आणि बघतेय म्हणून लाज वाटत होती. ऊन डोक्यावर आलं. पाकळ्या सुकायला लागल्या पण पडेनात. देव ना हो म्हणत होता ना नाही. सगळी वाडी मामांकडं बघायला लागली आणि मामा त्या दगडाकडं.

मग मामांनी एकदम चप्पल नसलेले पाय पुढं टाकले. "चल पोरी."

"मामा, खरं कौल..."

"चल म्हटलं न्हवं? काय हुतंय ते माझ्यावर."

मागनं कुणीच आलं नाही. मी चपला काढल्या आणि त्यांच्या मागनं आत गेले. आत एकदम गार. इतकं की अंगावर काटा आला. डोक्यावर आभाळच नाही, नुसत्या फांद्या आणि हातभर जाडीच्या वेली. जांभूळ मला ओळखता आलं, बाकीच्या झाडांची नावं मला येत नाहीत. खोडांवर तांबडे नंबर. मधोमध दगडातनं हाताएवढा झरा, आवाजसुद्धा न करता चाललेला. मामा झऱ्याशी थांबले, पाण्याला हात लावला, हात कपाळाला लावला. "हितं घे तुझा पॉइंट."

मी ॲप उघडलं. आता हे मात्र मला आधी सुचायला पाहिजे होतं. मोबाईलला आपण कुठं उभे आहोत ते वेगळे उपग्रह सांगतात. त्यांना आभाळ दिसावं लागतं. उसाच्या बांधावर दोन सेकंदात जागा सापडते. इथं निळा ठिपका भिरभिरायला लागला. चूक चाळीस मीटर. साठ. पस्तीस. परत पन्नास. मी मोबाईल वर धरला. दगडावर चढले. मामांनी मला आधार दिला. मी मोबाईल बंद करून परत चालू केला. मामा टाचा उंचावून स्क्रीनकडं बघत होते.

"काय म्हणतंय?"

"आपण हितं न्हाय म्हणतंय मामा."

"मग कुठं हाय म्हणतंय?"

मी बघितलं. ठिपका जाऊन थांबला होता खाली. "काजूत."

मामांनी आधी मोबाईलकडं बघितलं, मग आपल्या पायांकडं बघितलं. झऱ्याच्या ओल्या दगडावर आमचे चार पाय. "पाय तर हितं हायत की आपलं," ते म्हणाले. खरंच विचारत होते ते मला. इतकं गच्च रान की उपग्रहाला आत माणूस सापडत नाही, आणि तेच रान कागदावर बाग! मला तिथंच रडायला आलं. मामा घाबरले. "अगं रडतीस कशापायी? आन दे, मी धरतो वर." आणि त्या माणसानं माझा मोबाईल दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि तसाच उभा राहिला, पाच, सात मिनिटं, हात भरून येईपर्यंत.

अठ्ठावीस मीटर. त्याच्या खाली आकडा काही आला नाही.

तरी मी अकरा पॉइंट घेतले. फोटो काढले. झऱ्याचा व्हिडिओ केला. नेसरीत रेंज आल्यावर एसटी स्टँडवर बसून सगळं चढवलं. प्रत्येक पॉइंटसमोर तांबडी ओळ आली, अचूकता मर्यादेबाहेर. अकरा वेळा. पत्र आणि फोटो जोडून हरकत पाठवली. ती मिळाल्याची पोच आली.

सरांना फोन केला. मी म्हटलं, "सर, ठिपका बसत न्हाय हाच पुरावा हाय की! बागेत बसला असता!"

सर म्हणाले, "मला पटतंय गं. साहेबांना पण पटंल. सिस्टीमला कोण पटवणार?"

पटलं नाही. हरकत नोंदवून घेतली, असं पत्र आलं. पुढच्या वर्षी नकाशा नव्यानं होईल तेव्हा विचार होईल, असंही होतं त्यात. रस्त्याचं काम पावसाळ्याआधी उरकायचं होतं.

त्यानंतर मी काय करू शकत होते? बघू शकत होते. तेवढंच माझं काम. दर पाच दिवसांनी उपग्रह त्या वाडीवरनं जायचा आणि दुपारी ऑफिसात मी तो फोटो उघडायचे. एप्रिलमध्ये आभाळ इतकं स्वच्छ असतं की एकही फोटो वाया जात नाही. पहिल्यांदा पुंजक्याच्या खालच्या कडेला एक ठिपका फिकट झाला. पाच दिवसांनी चार. मग एक अख्खी पट्टी. मी दरवेळी सरांना बोलवायचे आणि ते दरवेळी येऊन उभे राहायचे. खालून पोरांचं पाठांतर चालू असायचं. घरी मी मोबाईल दाखवणं बंद केलं. आईनं दोन-तीनदा विचारलं, "काय गं, आज आभाळात काय न्हाय?" मी म्हटलं, न्हाय.

आणि पुढच्या वर्षीचा नकाशा बरोबरच येणार आहे. रस्ता ओळखायला कॉम्प्युटरला कुणाचा पॉइंट लागत नाही.

मामांचे फोन सुरुवातीला दर दोन दिवसांनी यायचे. दुरुस्त झालं काय? मग आठवड्यानं. मग यायचे बंद झाले. मेच्या शेवटी मीच लावला. अक्कानं उचलला.

"मामा कुठं हायत अक्का?"

"आत गेल्यात रानात. जे काय ऱ्हायलंय त्यात. रोजच जात्यात आता. कौल बी लावत न्हाईत."

"बोलत्यात काय?"

"म्हणत्यात, पयल्या बारीला इचारलं नसतं तर बरं झालं असतं. त्येच म्हणत बसत्यात."

मला म्हणायचं होतं की टिक मी विसरले. हे मी मामांना कितीदा तरी सांगितलंय. त्यांना टिक म्हणजे काय तेच कळत नाही, त्यांना पाकळी कळते.

"पाणी येतंय काय अक्का?"

"येतंय. खरं गढूळ येतंय. आन धार बारीक झाल्या. चार घागरीला सकाळ जाती." मग तीच म्हणाली, "तुला एक इचारू? तुझ्या त्या फोटूत झरा दिसतोय काय गं? वर मशीन लावल्यात, आमाला जवळ जाऊ देत न्हाईत. हाय का बुजवला, तेवढं बघून सांग की."

"झाडाखालचं दिसत न्हाय अक्का वरनं."

"आता झाडं कुठं हायत तिथं?"

मी लॅपटॉप जवळ ओढला. त्या दिवशीचाच फोटो होता. मोठा केला. आणखी मोठा केला, ठिपक्यांचे नुसते चौकोन होईपर्यंत. एक चौकोन म्हणजे दहा मीटर. झरा माझ्या हाताएवढा.

"न्हाय दिसत अक्का," मी म्हटलं. "लई बारीक हाय तो."

"बारीकच हाय की," अक्का म्हणाली. "खरं सगळी वाडी त्याच्यावर हाय."